मालकाची पहिली बादली

गेल्या महिन्यात नांदेडहून फोन आला. तिथं तरुण उद्योजकांचं एक मंडळ आहे. कुणाची अर्धापूरला केळी पिकवायची खोली, कुणाचा विष्णुपुरीच्या रस्त्यावर पाइपांचा छोटा कारखाना, कुणाचं वर्कशॉप. फोनवरचा तरुण म्हणाला, "सर, विषय तुमचा नेहमीचाच ठेवू. ध्रुवावर गेलेली माणसं आणि उद्योजकाचं नेतृत्व. आणि सर, शेवटी ती विहिरीची गोष्ट सांगाच. मागच्या वेळी पोरं उठून उभी राहिली होती."

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि वहीत तारीख लिहून घेतली.

हे व्याख्यान मी लातूरला, उदगीरला, नांदेडला मिळून पंधराएक वेळा दिलं असेल. त्यात एका कप्तानाची गोष्ट असते. दक्षिण ध्रुवाचं खंड ओलांडायला निघालेल्या त्याच्या जहाजाला बर्फानं धरलं आणि महिन्यांमागून महिने दाबून शेवटी चिरडलं. अठ्ठावीस माणसं बर्फावर उघडी पडली. कप्तानानं त्या क्षणी खंड ओलांडायचं सोडून दिलं आणि एकच काम हातात घेतलं, माणसं जिवंत घरी न्यायची. हे सांगून झालं की मी थोडा थांबतो, पाणी पितो आणि म्हणतो, "मित्रहो, माझ्या विहिरीची दरड कोसळली, तेव्हा मी स्वतः बादलीत बसलो आणि खाली निघालो. माझ्या कामावर एकही माणूस दगावला नाही."

टाळ्या पडतात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण दर वेळी टाळ्या चालू असताना मी मागच्या रांगांकडे बघत असतो. कुणीतरी उठेल आणि विचारील, "निघालात, मग पुढं?" ही भीती मी वीस-बावीस वर्षं बाळगून आहे. अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून मीच सांगतो.

तेव्हा लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खरवडून त्यावर नवं नाव रंगवलं होतं, आणि काही पाट्यांवर रंगाखालून जुनं नाव दिसत राहायचं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या जीपगाड्या, नवी कामं. माझ्या वयाच्या प्रत्येकाला ठेकेदार व्हायचं होतं. त्यातच पाऊस गेला. पहिल्या वर्षी आलाच नाही, दुसऱ्या वर्षी नुसता शिंपडून गेला. गावोगावच्या विहिरी खोल करायची कामं निघाली.

वडिलांचं आडतीचं दुकान होतं. गादीवर बसून तुरीत हात घालायचा, मूठ उघडून बघायची, हे मला नको होतं. मी एक जुनी यारी घेतली. विहिरीतला दगड वर ओढणारं हे यंत्र म्हणजे लोखंडी तिपाई, डिझेलचं इंजिन, तारेचा दोर आणि दोराला एक मोठी बादली, जिच्यात दोन माणसं उभी राहू शकतात. मी चोवीस वर्षांचा होतो. विहीर म्हणजे काय हे मला वरूनच माहीत होतं.

कप्तानाचं पुस्तक मला लातूरच्या गंजगोलाईतल्या एका रद्दीच्या दुकानात मिळालं होतं. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली पानं नव्हती, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे मला आजही माहीत नाही. ते मी इतक्या वेळा वाचलं की मला वाटायला लागलं, माणसं कशी चालवायची हे मला कळलं आहे. कप्तान नेहमी हसतमुख असायचा, वाईट बातमी स्वतःपाशी ठेवायचा, हे मी मनात पक्कं धरलं. त्यानं स्वतःचे हातमोजे दुसऱ्याला देऊन टाकले, हेही वाचलं होतं, पण ते मला गोड वाटण्यापुरतंच.

निलंग्यापासून दोन कोसांवरच्या एका गावाच्या विहिरीचं काम मला मिळालं. माणसं देगलूरकडची होती. एक मुकादम, त्याची बायको आणि आणखी पाचजण. आपसांत तेलुगू बोलायची, माझ्याशी मराठी. मुकादम चाळिशीचा, अंगानं किडकिडीत. त्याच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. ती काठावर उभी राहून बादलीच्या खाणाखुणा सांभाळायची. तिनं हात वर केला की यारीवाला बादली उचलायचा, खाली केला की सोडायचा.

पहिल्या दिवशी काठावर नारळ फुटला. मी खोबरं तोंडात टाकलं आणि मुकादमानं बादलीकडं बोट केलं.

"बसा मालक."

"मी कशाला?"

"पैली बादली मालकाची आसती. रोज सकाळी. मालक खाली जातो, तळाला पाय लावतो, भोवताली बगतो, वर येतो. मंग आमचं माणूस उतरतंय. बापजाद्यापासून हाय हे."

"आणि मालक गावाला गेला असला तर?"

"मंग त्याच्या चपला जात्यात," अक्का म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो आणि बादलीत चढलो.

मला उंचीची आणि खोलीची भीती वाटते, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. गच्चीच्या कठड्याजवळ मी जात नसे एवढंच. बादली हलली तशी मी एका हातानं तार घट्ट धरली. वरचा जुना दगडी बांध गेला, मग मुरूम, मग काळा दगड. दगडाचा कोंदट वास नाकात बसला. तळाला पाय लावला तेव्हा वर बघितलं. आभाळ परातीएवढं उरलं होतं आणि त्याच्या कडेला अक्काचं डोकं. काठावरून एक खडा निसटला, भिंतीवर आपटत आपटत आला आणि माझ्या पायाशी पडला. गळ्यातलं इष्टलिंग मी शर्टाबाहेरून मुठीत धरलं होतं, ते वर येईपर्यंत सोडलं नाही.

चार दिवस मी असा उतरलो. रात्री झोपेतसुद्धा बादली हलायची. पाचव्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "मला निलंग्याला काम आहे," आणि चपला काढून बादलीत ठेवल्या. अनवाणी पायानं मोटरसायकलला किक मारली. निलंग्यात काही काम नव्हतं. स्टँडवर चहा घेतला, येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या बघितल्या आणि परत आलो. चपलांवर पांढरी दगडभुकटी बसली होती. त्या पायात घातल्या तेव्हा इतकं हायसं वाटलं की दुसऱ्या दिवशी निमित्तही सांगितलं नाही. काठावर बसूनच चपला दिल्या. मग ते रोजचं झालं.

"मालकाच्या चपला लई धीट हायत," अक्का बादली सोडताना म्हणायची. "रोज जात्यात. मालकालाबी शिकवा म्हणावं."

"नव्या घ्या आता मालक," यारीवाला म्हणायचा. "ह्या आमच्यातल्या झाल्या."

मी त्यांच्याबरोबर हसायचो. कप्तान हसतमुख असायचा.

दुपारी कॉम्प्रेसरनं दगडात सुरुंगाची भोकं पाडायचं काम चाले. तेव्हा बाकीचे लिंबाखाली भाकरी सोडायचे आणि मी त्यांना कप्तानाची गोष्ट सांगायचो, रोज थोडी. बर्फ त्यांना गारेगारच्या गाडीवरचा माहीत होता. क्षितिजापर्यंत बर्फ आहे, असं मी सांगितलं तेव्हा मुकादम विचारात पडला.

"म्हंजे त्यांना प्यायच्या पाण्याची चिंता न्हवती."

"नव्हती."

"मंग दुष्काळ न्हाई म्हणायचा तो." आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

कप्तानानं कुरकुर करणारी माणसं मुद्दाम आपल्या तंबूत झोपायला घेतली, म्हणजे त्यांची कुरकुर बाकीच्यांत पसरू नये, हे मी सांगितलं. अक्कानं यारीवाल्याकडं बोट केलं. "ह्यो लई कुरकुरतोय. न्या की ह्याला तुमच्या लॉजवर." मी निलंग्याला लॉजवर राहायचो. ती माणसं विहिरीच्या कडेला, उसाच्या पाचरटाच्या पालात.

गोष्ट एका ओसाड बेटापर्यंत आली. बर्फ फुटला, माणसं होड्यांत बसून त्या बेटावर पोचली. तिथं कुणी येणार नव्हतं. म्हणून कप्तान पाचजणांना घेऊन एका लहान होडीतून मोठ्या समुद्रात निघाला, मदत आणायला. बावीसजण मागे राहिले. "जातो आणि येतो, असं सांगून गेला," मी म्हणालो.

"आला का?"

"उद्या सांगतो."

त्याच दिवशी संध्याकाळी, ऊन असतानाच, सुरुंगाची धूळ बसल्यावर मुकादम खाली गेला. भिंती ठोकून बघायचं काम त्याचं. हातोडीचा दांडा भिंतीवर मारायचा आणि कान देऊन ऐकायचं. वर आला तो सरळ माझ्याकडं आला आणि मला बाजूला घेऊन गेला.

"मालक, उगवतीकडून पोकळ वाजायलंय. मुरमाच्या खाली पिवळी माती हाय. वल होती तवर तिनं धरलं. आता वाळून भुगा झालीय, आन वरलं समदं कडं, मुरमाचं आख्खं भिताड, तिच्यावर बसलंय."

"म्हणजे?"

"म्हंजे खालचं काम थांबवायचं. वरून कडं उतरवून घ्यायचं. पाच-सा दिस."

दोन दिवसांनी नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब गावात येणार होते. मी गावाला आणि तालुक्याच्या लोकांना शब्द दिला होता की साहेबांना पाणी दाखवतो. खालचा दगड ओला लागायला लागला होता. एक सुरुंग, फार तर दोन. पाच-सहा दिवस थांबणं म्हणजे साहेबांना कोरडी विहीर दाखवणं, आणि पुढची कामं दुसऱ्या कुणाला तरी जाणं.

त्या क्षणी मला ते पुस्तक आठवलं, आणि नेमकं चुकीचं पान आठवलं. जहाज गेलं तेव्हा ठरलेलं सगळं सोडून देणारा कप्तान आठवायला हवा होता. मला आठवला तो वाईट बातमी लपवणारा.

"मुकादम, हे बाकीच्यांना सांगू नका," मी म्हणालो. "एक दिवस रेटू. कप्तानाला जहाज वाचणार नाही हे आधीच कळलं होतं. त्यानं माणसांना सांगितलं नाही. घाबरलेली माणसं काम करत नाहीत."

मुकादमानं कमरेची चंची काढली, तंबाखू मळली.

"तवा कप्तान कुठं व्हता?"

"जहाजावर."

"त्याच जहाजावर?"

"हो. त्याच."

"हां." त्यानं तंबाखू ओठाखाली ठेवली. "मंग त्याचं बराबर हाय."

तो निघून गेला. त्याचं म्हणणं मला तेव्हा समजलं नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. समजलं होतं. समजलं म्हणूनच लॉजवर मला जेवण गेलं नाही.

सकाळी मी काठावर आलो आणि कुणाकडं न बघता चपला बादलीत ठेवल्या. मुकादमानं त्या उचलल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"आज चपलावर भागत न्हाई मालक. येताव का?"

बाकीचे बघत होते. त्यांना काही माहीत नव्हतं, त्यांना ती थट्टा वाटली. अक्काला मात्र माहीत असावं. ती हसली नाही.

"मला निलंग्याला जायचंय," मी म्हणालो. "साहेबांच्या दौऱ्याचं बघायला."

मुकादमानं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मग त्यानं माझ्या चपला परत उचलल्या, स्वतः बादलीत चढला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "मी वर सांगेपतूर कुणी उतरायचं न्हाई." हातात पहार होती. सैल झालेलं कडं तो एकटाच खालून पाडून घेणार होता, म्हणजे दुसरं कुणी त्याच्याखाली उभं राहू नये.

मी मोटरसायकलपर्यंत गेलो. किक मारली, इंजिन लागलं नाही. दुसरी मारणार तेवढ्यात आवाज झाला. फार मोठा नव्हता. आडत दुकानात हमाल पाठीवरची पोती एकदम टाकतात तसा. विहिरीतून धूळ वर आली आणि यारीच्या तिपाईला गुंडाळून राहिली.

आम्ही सगळे काठाकडं धावलो. मग खालून त्याचा आवाज आला. तेलुगूत बायकोला हाक मारत होता. ती काठावर आडवी होऊन त्याच्याशी बोलली आणि उठून आमच्याकडं वळली.

"गुडघ्यापतूर गाडलाय. हात मोकळे हायत. वरलं आर्धं कडं आजून लोंबायलंय."

दोघं पुढं झाले. तिनं हातानंच अडवलं. "कुणी उतरायचं न्हाई म्हनलाय त्यो." बादली वर आली. तिनं पदर खोचला, एक टिकाव आणि टोपलं आत टाकलं, चढली आणि माझ्याकडं बघितलं.

"मालक. पैली बादली तुमची हाय."

मी चढलो. हे मी व्याख्यानात सांगतो.

पुढचं सांगत नाही ते असं. बादली खाली जायला लागली. धुळीनं तळ दिसत नव्हता. अक्का एका हातानं तार धरून उभी होती, मी दोन्ही हातांनी. उगवतीची भिंत अगदी तोंडासमोरून वर सरकत होती. मुरूम संपला आणि पिवळी माती आली. ती वाहत होती. वाळूच्या घड्याळातून वाळू उतरावी तशी, बारीक, न थांबता. पंधराएक फुटांवर एक ढेकूळ सुटलं आणि माझ्या खांद्यावर फुटलं.

मी ओरडायला लागलो. "वर घ्या! वर घ्या!"

"गप," अक्का म्हणाली. "आवाजानं माती येती. गप बसा." खालून मुकादमही काहीतरी म्हणाला. मला ते ऐकू आलं नाही, कारण मी ओरडतच होतो. माझा आवाज त्या भिंतींत घुमून मलाच परत येत होता आणि त्यानं मी आणखी घाबरत होतो. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो झटकला.

यारीवाला रोज अक्काच्या हाताकडं बघून बादली चालवायचा. पण अक्का आत होती आणि ओरडणारा मालक होता. त्यानं बादली वर घेतली.

मी काठावर पडलो आणि हातापायांवर रांगत विहिरीपासून लांब गेलो. अक्का बादलीतून उतरली नाही. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. यारीवाल्याला एकच शब्द म्हणाली, "सोड."

बादली परत निघाली. ती निम्म्यावर असताना उरलेलं कडं तिच्या शेजारून खाली गेलं.

त्यात दगड होते. मुकादमाच्या छातीपर्यंत माती आली आणि एक मोठा दगड त्याच्या उजव्या पायावर बसला. मग कुणीच कुणाचं ऐकलं नाही. दोघं दोर धरून उतरले, आणि अक्का आणि त्या दोघांनी मिळून त्याला काढला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा टाकून निलंग्याला नेला, तिथून लातूरला. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. साहेबांचा दौरा पुढं गेला. ते त्या गावाला आलेच नाहीत.

ट्रॉली निघायच्या आधी अक्का माझ्यापाशी आली. तिच्या कोपरापर्यंत पिवळी माती होती. हातात माझ्या चपला होत्या. मुकादमानं त्या खाली गेल्या गेल्या एका कपारीत नीट ठेवल्या होत्या, धोक्याच्या बाहेर. त्यांना काही झालं नव्हतं. तिनं त्या माझ्या पायांपुढं ठेवल्या आणि म्हणाली, "तुमच्या."

बादलीला पंधरा फुटांवरून वर यायला आणि परत तिथवर जायला किती वेळ लागतो, हे मी नंतर असंख्य वेळा मनात मोजलं आहे. दोनजण असते तर गुडघ्यापर्यंतची माती काढायला किती वेळ लागला असता, तेही. मी गप्प राहिलो असतो तर तो तेवढ्यात मोकळा झाला असता, किंवा आम्ही तिघंही त्या दगडाखाली आलो असतो. दुसरी शक्यता मी फार जपून ठेवली आहे. तिच्या आधारावर मी जगलो. आणि माझ्या आवाजानंच ते कडं आलं का, हा प्रश्न मी कधी पूर्ण होऊ दिलेला नाही. आजही तो अर्ध्यावर आला की मी उठून दुसरं काहीतरी करायला लागतो.

ती विहीर दुसऱ्या कुणीतरी पुरी केली. मी यारी विकली. दोन वर्षं वडिलांच्या गादीवर बसलो, मग पाइपलाइनच्या कामात आलो आणि तिथं जम बसला. देगलूरला माणसाकरवी मदत पोचवत राहिलो. स्वतः कधी गेलो नाही. बर्फावरच्या मोहिमांची पुस्तकं मात्र मिळतील तेवढी वाचली. एकजण ध्रुवावर पहिला पोचला, कारण बर्फात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या लोकांकडून आधी कातड्याचे कपडे घालायला आणि कुत्री हाकायला शिकला होता. ते वाचताना मला मुकादमाच्या हातोडीच्या दांड्याचा पोकळ आवाज ऐकू आला. माझ्या आवडत्या कप्तानाबद्दल आणखी एक गोष्ट कळली. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर होती, त्याच्यासाठी वाटेत अन्नाचे साठे ठेवायला. तिच्यातले तीनजण मेले. 'एकही माणूस गमावला नाही' हे त्या बेटावरच्या माणसांपुरतंच खरं आहे. हेही मी व्याख्यानात कधी सांगितलं नाही. दोन्ही ठिकाणी एकच चलाखी होती.

नांदेडचा फोन आल्यावर आठ दिवसांनी मी देगलूरकडं गेलो. गाडी फाट्यावरच उभी केली आणि चालत निघालो.  दोनदा परत फिरलो. गावाच्या कडेला दगडावर पडणाऱ्या टाकीचा आवाज येत होता. मुकादम लिंबाखाली पोत्यावर बसून कुणाच्यातरी पाट्याला टाकी लावत होता, एक पाय पसरलेला, शेजारी कुबडी. केस पांढरे झालेले. त्यानं आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"मालक का?"

मी मान हलवली. अक्का दारात आली. तिनंही ओळखलं. मी उंबऱ्यापाशी घुटमळलो तशी म्हणाली, "चपला तिथंच काढा. आज खाली पाठवायच्या न्हाईत."

मुकादम हसला, तसाच ठसका लागेपर्यंत. मी बसलो. माफीचं जे पाठ करून आलो होतो ते सुरू करणार तोच तो म्हणाला, "आदी एक सांगा. त्या माणसांचं काय झालं?"

"कुठल्या?"

"बेटावरल्या. बावीस माणसं ठिवून कप्तान लहान नावंत बसून गेला. तुमी उद्या सांगतो म्हनला व्हता. दवाखान्यात पडलो व्हतो तवा लई इचार यायचा. आला का त्यो?"

मी सांगितलं. होडी मोठ्या समुद्रातून पोचली, मग कप्तान डोंगर ओलांडून माणसांच्या वस्तीत गेला. बेटावर मागं राहिलेली माणसं दोन उलट्या होड्यांखाली राहिली. त्यांच्यातला वडीलधारा रोज सकाळी सगळ्यांना उठवून सांगायचा, बिछाने गुंडाळा, कप्तान आज येईल.

"रोज?"

"रोज."

त्यानं टाकी खाली ठेवली. बायकोकडं बघितलं. मग म्हणाला, "आन कप्तानानं दुसऱ्याला धाडलं का सोता आला?"

"स्वतः. तीनदा बर्फानं परत फिरवलं. चौथ्यांदा पोचला. बावीसच्या बावीस जिवंत होते." मग पलीकडच्या किनाऱ्यावरच्या तीनजणांचंही सांगितलं.

"हां," तो म्हणाला. "त्यांचं न्हाई सांगितलं की गोष्ट गोड लागती. किती दिसांनी आला?"

"चार महिन्यांच्या वर झाले होते."

अक्कानं चहा आणला होता. कप माझ्यापुढं ठेवत ती म्हणाली, "तुमाला लई लागले."

मग मी जे बोलायचं ते बोललो. पाठ केलेलं नाही आठवलं. तुटक तुटक बोललो आणि मध्येच रडलो. ते दोघं ऐकत होते. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. निघताना म्हणालो, "नांदेडला मला बोलायचंय, तरुण पोरांपुढं. हे सांगू का?"

"तुमची गोष्ट हाय," मुकादम म्हणाला. "मला कामून इचारायलाव?"

अक्का दारातून म्हणाली, "सांगा. पण आरडलाव तेबी सांगा. आन गप बसा म्हनले व्हते मी, तेबी."

व्याख्यान परवा रविवारी आहे. कागदावर मी क्रम बदलून लिहिला आहे. विहीर आधी, कप्तान नंतर. घरात एकट्यानं म्हणून बघतो. बादलीत चढण्यापर्यंत आवाज बरा निघतो. पंधरा फुटांपाशी येतो आणि पुढचं वाक्य कागदावरच राहतं. मग पाणी पिऊन परत पहिल्यापासून सुरू करतो.

आयोजकाला फोन करून सांगितलं की या वेळी विहीर सुरुवातीलाच घेणार आहे. तो खूश झाला. "चालतंय की सर. सुरुवातीलाच टाळ्या पडतील."

मी फोन ठेवला आणि कागद परत हातात घेतला.